देवमाशांची संस्कृती आणि सामाजिक गट

देवमाशांच्या काही जातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, जन्मजात नसलेली, एकमेकांचे पाहून व ऐकून शिकलेली आणि विशिष्ट गटाची ओळख ठरलेली वर्तनपरंपरा. शिकारीच्या पद्धती, ध्वनिसंकेत, गाणी, प्रवासाचे मार्ग आणि कोणात मिसळायचे याचे संकेत ही तिची प्रमुख अंगे आहेत. प्राणिवर्तनशास्त्रात ‘संस्कृती’ ही संज्ञा याच अर्थाने वापरतात. स्पर्म व्हेल, किलर व्हेल (ओर्का) आणि हम्पबॅक व्हेल या तीन जातींमध्ये तिचे सर्वाधिक पुरावे मिळाले आहेत. किलर व्हेल वर्गीकरणाने डॉल्फिन कुळातील असली, तरी या विषयात तिचा विचार देवमाशांबरोबरच करतात.

अभ्यासाची पार्श्वभूमी : देवमाशांच्या सामाजिक जीवनाचा अभ्यास दोन साधनांमुळे शक्य झाला. एक म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारा हायड्रोफोन आणि दुसरे म्हणजे पर व शेपटीवरील खुणांवरून प्रत्येक प्राणी ओळखण्याची छायाचित्र पद्धत. कॅनडातील मायकेल बिग यांनी १९७० च्या दशकात किलर व्हेलची अशी ओळखनोंद सुरू केली. रॉजर पेन व स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये हम्पबॅकच्या गाण्याची रचना उलगडून दाखवली. हाल व्हाइटहेड आणि ल्यूक रेंडेल यांनी २००१ मध्ये देवमासे व डॉल्फिन यांच्यातील संस्कृतीचे पुरावे एकत्रितपणे मांडले. त्यानंतर हा विषय प्राणिवर्तनशास्त्रात ठळकपणे चर्चेला आला.

स्पर्म व्हेल : या जातीच्या समाजाचा पाया मातृवंशीय कुटुंब हा आहे. सुमारे दहा माद्या आणि त्यांची पिल्ले वर्षानुवर्षे एकत्र राहतात. त्यांत आजी, आई, मावशी, मुलगी अशी नाती असतात. नर वयात येऊ लागले की कुटुंब सोडतात आणि थंड समुद्रांकडे जातात. मोठे झाल्यावर ते केवळ प्रजननासाठी उष्ण पाण्यात परततात. माद्या माकुळ पकडण्यासाठी शेकडो मीटर खोल बुडी मारतात. लहान पिल्लांना तेथवर जाता येत नाही. अशा वेळी कुटुंबातील माद्या आळीपाळीने वर थांबून पिल्लांची राखण करतात. काही माद्या दुसरीच्या पिल्लाला दूधही पाजतात. हा समाज एकत्र बांधला गेला तो मुख्यतः पिल्ले सांभाळण्याच्या या गरजेतून, असे मानले जाते.

कुटुंबाच्या वर ‘कूळ’ ही मोठी पातळी असते. स्पर्म व्हेल परस्परांशी ‘कोडा’ नावाच्या ठेक्यांनी संवाद साधतात. कोडा म्हणजे ठरावीक अंतराने काढलेल्या टकटक आवाजांची छोटी मालिका. विल्यम वॉटकिन्स व विल्यम शेव्हिल यांनी १९७७ मध्ये तिचे वर्णन केले. रेंडेल व व्हाइटहेड यांनी २००३ मध्ये प्रशांत महासागरातील कोडांची तुलना केली, तेव्हा समान कोडा वापरणारी कुटुंबेच एकमेकांत मिसळतात, असे दिसून आले. एका कुळाचे ठोके समान अंतराने पडतात, तर दुसऱ्या कुळाच्या शेवटच्या ठोक्याआधी लांब विराम असतो. एका कुळात हजारो देवमासे असू शकतात आणि त्याचा वावर हजारो किलोमीटरवर पसरलेला असतो. दोन कुळे एकाच समुद्रात राहूनही आपापली वेगळी राहतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रशांत महासागरात सात कुळे ओळखली गेली. जेथे कुळांचे प्रदेश एकमेकांत येतात, तेथे ओळखीचे कोडा अधिक ठसठशीतपणे वेगळे असतात, असेही त्यात आढळले. आपण कोणाचे हे सांगण्यासाठी कोडा वापरले जातात, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली.

कुळांमधील फरक आवाजापुरता मर्यादित नसतो. गॅलापागोस बेटांजवळच्या दोन कुळांपैकी एक किनाऱ्यालगत वळणे घेत फिरे, दुसरे खोल समुद्रात सरळ रेषेत जाई. एरवी पहिल्या कुळाला अन्न अधिक मिळे. एल निनोच्या काळात अन्न सर्वांचेच घटले, पण दुसऱ्या कुळाची पद्धत तुलनेने अधिक उपयोगी ठरली. कॅरिबियनमधील डॉमिनिका बेटाजवळ शेन गेरो आणि त्यांचे सहकारी २००५ पासून काही कुटुंबांचा सलग अभ्यास करत आहेत. तेथील पिल्ले सुरुवातीला अडखळत वेगवेगळे ठेके काढतात आणि पुढे हळूहळू आपल्या कुळाचे कोडा आत्मसात करतात.

शिकलेली गोष्ट किती वेगाने पसरते, याचे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शिकारी जहाजांच्या नोंदवह्यांत सापडले. उत्तर प्रशांत महासागरात शिकार सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच हारपून यशस्वीपणे मारण्याचे प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांनी घटले. संकट ओळखून निसटण्याचे ज्ञान स्पर्म व्हेलनी एकमेकांकडून घेतले असावे, असा निष्कर्ष २०२१ मध्ये व्हाइटहेड, टिम स्मिथ व रेंडेल यांनी मांडला.

किलर व्हेल : कॅनडा व अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर या जातीचे दोन प्रमुख समाज शेजारी शेजारी राहतात. ‘रेसिडेंट’ समाज मासे खातो आणि त्यातही चिनूक सॅमनला प्राधान्य देतो. ‘बिग्ज’ समाज सील व इतर सागरी सस्तन प्राण्यांची शिकार करतो आणि शिकारीच्या वेळी शक्यतो मौन पाळतो. हे समाज एकमेकांत मिसळत नाहीत आणि त्यांच्यात प्रजननही होत नाही. रेसिडेंट समाजात मुलगे व मुली दोघेही आयुष्यभर आईजवळ राहतात. प्रत्येक गटाची स्वतःची बोली असते, हे जॉन फोर्ड यांनी दाखवून दिले. जोडीदार मात्र बहुधा वेगळ्या बोलीच्या गटातला असतो. त्यामुळे जवळच्या नात्यातील प्रजनन टळते.

रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाळ जगणाऱ्या मोजक्या सस्तन प्राण्यांत किलर व्हेलच्या माद्या येतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार गटाच्या पुढे बहुधा याच वयस्क माद्या असतात आणि सॅमन कमी असलेल्या वर्षांत त्यांचे नेतृत्व अधिक ठळक होते. आई गेल्यावर तिच्या प्रौढ मुलाच्या मृत्यूचा धोकाही अनेक पटींनी वाढतो. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर किलर व्हेल मुद्दाम किनाऱ्यावर झेपावून सी-लायनची पिल्ले पकडतात. हे जोखमीचे कसब तरुण प्राणी वर्षानुवर्षे थोरांच्या सोबतीने शिकतात.

हम्पबॅक व्हेल : या जातीत कायमची कुटुंबे नसतात, तरीही संस्कृती असते. गाणारे नरच असतात आणि एका प्रदेशातील सर्व नर एका काळी जवळपास एकच गाणे गातात. ते दरवर्षी थोडेथोडे बदलते. काही वेळा मात्र ते समूळ बदलते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९९६ मध्ये मोजक्या नरांच्या तोंडी पश्चिम किनाऱ्याचे गाणे ऐकू आले आणि १९९८ पर्यंत जुने गाणे पूर्णपणे मागे पडले. मायकेल नोड व सहकाऱ्यांनी २००० मध्ये याची नोंद प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियाकडून फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत गाणी लाटांसारखी पूर्वेकडे सरकत जातात, हे एलन गार्लंड यांनी २०११ मध्ये दाखवले.

शिकारीची नवी युक्तीही अशीच पसरली. अमेरिकेजवळच्या मेनच्या आखातात १९८० मध्ये एक हम्पबॅक मासे घेरणारे बुडबुड्यांचे जाळे करण्यापूर्वी शेपटीने पाण्यावर तडाखा मारताना दिसला. हेरिंग मासे घटून सँड लान्स हे मुख्य अन्न झाल्याच्या काळात ही रीत आली. २००७ पर्यंत तेथील सुमारे ३७ टक्के हम्पबॅकनी ती उचलली होती. ज्यांचा वावर ही रीत जाणणाऱ्यांबरोबर अधिक, त्यांनीच ती प्रामुख्याने आत्मसात केली, असे २०१३ च्या विश्लेषणात आढळले.

मतभेद : देवमाशांवर नियंत्रित प्रयोग जवळजवळ अशक्य असल्याने वर्तनातील फरक आनुवंशिकतेमुळे किंवा परिसरामुळे नाहीत हे सिद्ध करणे अवघड असते, असा आक्षेप काही शास्त्रज्ञांनी घेतला. दीर्घकालीन नोंदी, जनुकीय तपासण्या आणि सामाजिक संबंधांचे गणिती विश्लेषण यांमुळे तो आता बराच दुर्बळ झाला आहे. एकाच समुद्रात राहणाऱ्या आणि नरांमार्फत जनुकांची देवाणघेवाण करणाऱ्या स्पर्म व्हेलच्या कुळांत टिकून राहिलेला फरक केवळ जनुकांनी किंवा परिसराने समजावता येत नाही.

अरबी समुद्र : येथील हम्पबॅक जगातील इतर हम्पबॅकसारखे ध्रुवीय पाण्याकडे स्थलांतर करत नाहीत. ते वर्षभर याच समुद्रात राहतात आणि जनुकीयदृष्ट्याही दीर्घकाळ अलग आहेत. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी येथे त्यांची बेकायदा शिकार केली. ओमानजवळच्या अभ्यासावरून त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह टॅग लावलेली ‘लुबान’ ही मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आली होती. त्याच वर्षी गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ हम्पबॅकचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. कोकण व गोव्याचा समुद्र या छोट्या समाजाच्या वावराचा भाग आहे.

संवर्धन : देवमाशांचे रक्षण आजवर प्रामुख्याने जात व संख्या यांवर बेतले गेले. ते पुरेसे नाही. सॅमन कोठे मिळेल हे जाणणारी एक वयस्क मादी मेली, तर तिचे ज्ञान पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही. एखादे कूळ संपले, तर शेजारच्या कुळाची संख्या कितीही वाढली तरी त्याची बोली व अनुभव परत येत नाहीत. स्थलांतरित वन्य प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने २०१४ मधील क्विटो परिषदेत ही बाब मान्य केली आणि संवर्धनाचे निर्णय घेताना सामाजिक गट व त्यांची संस्कृती विचारात घेण्याचा ठराव केला. भारत या कराराचा सदस्य आहे. त्यामुळे जहाजांचे मार्ग, मासेमारीची जाळी आणि समुद्रातील गोंगाट यांचे नियोजन करताना अरबी समुद्रातील हम्पबॅकना स्वतंत्र समाज मानून त्यांचे रक्षण करणे ही भारताचीही जबाबदारी आहे.