तळटीप : कालव्याकाठचा सामाईक नळ

लेखकाने येथे उल्लेखिलेला नळ म्हणजे इंग्लंडातील कालव्यांच्या काठी परवानाधारक नौकांसाठी ठेवलेला सामाईक नळ होय. आणि ज्यांना हक्काचा धक्का नाही, अशा नौकावासीयांना १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यान्वये एका ठिकाणी सामान्यतः १४ दिवसांहून अधिक मुक्कामाची मुभा नसल्याने, त्यांचा संसार या नळांवरच चालतो. म्हणून टाकी भरताच दोर सोडून जागा मोकळी करावी, शौचाची पेटी या नळाखाली कदापि धुऊ नये, आणि बांधलेल्या नौकांजवळून अत्यंत मंद गतीने जावे, हा तेथील दस्तूर. यांतील शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण वेगाने जाणारी नौका अरुंद पात्रातील पाणी ओढून नेते, तेव्हा काठच्या नौकेचे दोर ताणून मातीत ठोकलेले खुंट उपटतात आणि आत चुलीवरची किटली कलंडते. मजकुरातील वृद्धेचा संताप वाचकाने या दृष्टीने समजून घ्यावा.