अलकनंदा (दीर्घिका)

अलकनंदा ही अतिदूरची सर्पिल दीर्घिका आहे. पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांमधून तिचा शोध लावला. हे संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

दीर्घिकेची ताम्रसृती सुमारे ४.०५ आहे. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे होते. अबेल २७४४ हा दीर्घिकासमूह वाटेत असल्याने गुरुत्वीय भिंगाचा परिणाम होऊन ती सुमारे दुप्पट तेजस्वी दिसते.

तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे असून मध्यवर्ती फुगवट्याभोवती दोन सुस्पष्ट भुजा आहेत. शोधाचे महत्त्व या भुजांमुळेच आहे. इतक्या आरंभीच्या काळातील दीर्घिका विस्कळीत आणि गुठळ्यांसारख्या असाव्यात, स्थिर तबकडी घडण्यास अब्जावधी वर्षे लागावीत, असा समज होता. अलकनंदेत मात्र सुमारे १० अब्ज सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे आधीच तयार झाले होते आणि वर्षाला सुमारे ६० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे जन्मत होते.

हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. अलकनंदा ही हिमालयातील मंदाकिनीची भगिनी नदी, त्यावरून हे नाव दिले गेले.

भुजा कशा निर्माण झाल्या, हे अनिर्णित आहे. वायूच्या संथ ओघातून उठलेल्या घनता-लहरी किंवा शेजारच्या लहान दीर्घिकेची ओढ, अशा दोन शक्यता मांडल्या जातात. तबकडीच्या परिभ्रमणाचा वेग वर्णपटावरून मोजल्यास त्यांतील निवड करणे सुकर होईल.