पापणी लवण्याआधीची उशी

कार्तिकी एकादशी चार दिवसांवर आली होती. 31 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी कोल्हापूर जिल्ह्यातील जठारवाडीची दिंडी पंढरपूरच्या वाटेवर सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ पोचली आणि एक भरधाव मोटार वारकऱ्यांत घुसली. सात वारकऱ्यांचा जीव गेला.

अशा धडकेत एअरबॅग बहुधा उघडतच नाही. तिच्या सेन्सरला समोर काय आहे ते दिसत नाही. गाडीचा वेग किती झटक्याने तुटला, एवढेच कळते. दीड टनाच्या गाडीपुढे माणसाचे वजन ते किती! गाडी भिंतीवर किंवा ट्रकवर आदळली, तर मात्र सगळा खेळ सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपतो. नियंत्रक ठिणगी देतो, रसायन पेटते, वायू सुटतो, पिशवी फुगते. डोके टेकताच मागच्या छिद्रांतून वायू निघून ती मऊ पडते. पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो.

या उशीची कल्पना एका बापाला सुचली. 1952 मध्ये अमेरिकेतील जॉन हेट्रिक यांची मोटार रस्ता सोडून चरात गेली. पत्नी आणि लहान मुलगी शेजारीच होत्या, आणि मुलीला आदळण्यापासून वाचवायला त्यांचा हात आपोआप पुढे झाला. घरी येऊन त्यांनी दाबलेल्या हवेच्या पिशवीचे चित्र काढले. 1953 मध्ये पेटंट मिळाले. जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांनीही त्याच सुमारास तसेच पेटंट घेतले होते. पण दाबलेली हवा पिशवी पुरेशा वेगाने फुगवू शकत नव्हती आणि धडक ओळखणारे खात्रीचे यंत्रही नव्हते. ॲलन ब्रीड यांच्या सेन्सरने 1960 च्या दशकाच्या अखेरीस ही दुसरी अडचण सोडवली. सोडियम अझाइडपासून निघणारा नायट्रोजन हवेच्या जागी आला.

1970 च्या दशकात जनरल मोटर्सने अशा गाड्या विकल्या, पण खप झाला नाही. 1980 च्या सुमारास मर्सिडीजने पिशवीला आसनाच्या पट्ट्याची (सीटबेल्टची) जोडीदार म्हणून आणले. ही जोडी किती अटळ आहे, ते 1990 च्या दशकात उघड झाले. पट्टा न लावता पुढे झुकलेल्यांचे, पुढच्या आसनावरील लहान मुलांचे त्याच पिशवीच्या तडाख्याने प्राण गेले. मग अमेरिकेत तिचा जोर कमी करण्यात आला.

भारतात चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून. शेजारच्या आसनासाठी 2021 मध्ये. सहा पिशव्यांचा मसुदा जानेवारी 2022 मध्ये निघाला. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योजक सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. देशभर चर्चा पेटली. तरीही सहा पिशव्यांची सक्ती आधी पुढे ढकलली गेली आणि नंतर बारगळली.

गाडीबाहेरच्या माणसाचा विचारही झाला आहे. व्होल्वोने 2012 मध्ये व्ही-40 गाडीत पादचाऱ्यासाठी बॉनेटच्या काचेकडील कडेतून फुगणारी पिशवी दिली. ती दुर्मीळच राहिली. वारकऱ्यांसाठी त्याहून साधा उपाय आहे: वेगळी वाट. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली, तेव्हा त्यांच्या कडेने पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग आखला गेला. मिरजेकडून जुनोनी, सांगोला करत येणाऱ्या दिंड्यांनाही तशीच वाट मिळायला हवी.