विटाळ एकच, श्लोकही एकच

दरवर्षी २५ डिसेंबरला आपण मनुस्मृती दहन दिन पाळतो. भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही तो साजरा होतो. भाषणं होतात, महाडच्या आठवणी निघतात. आणि त्याच मंडपात एखादी मुलगी मागे उभी असते. बुद्धवंदनेला मेणबत्ती लावायला ती पुढे येत नाही. विचारलं तर तिची आई हळूच सांगते, "कावळा शिवलाय तिला."

मग प्रश्न पडतो, १९२७ साली आपण महाडला नेमकं जाळलं तरी काय?

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय, श्लोक ८५. कोणाला शिवल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायचं, याची ती यादी आहे : चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण, प्रेत आणि प्रेताला शिवलेला माणूस. आपले पूर्वज आणि सगळ्या जातींतल्या बायका मनूने एकाच ओळीत बसवल्या आहेत. पराशरस्मृती त्याच्याही पुढे जाते. तिच्या सातव्या अध्यायानुसार पाळी आलेली बाई पहिल्या दिवशी चांडाळीण, दुसऱ्या दिवशी ब्रह्महत्या करणारी, तिसऱ्या दिवशी परटीण असते आणि चौथ्या दिवशी शुद्ध होते. हे नीट वाचा. ब्राह्मणाच्या बायकोला अपवित्र ठरवायचं, तर त्यासाठी शिवी आणली ती जातीच्या उतरंडीतून! फरक इतकाच की तिचा विटाळ चौथ्या दिवशी फिटायचा, आपला मेल्यावरही फिटत नव्हता. आपल्या आयाबायांच्या वाट्याला तर दोन्ही विटाळ आले.

याचं कारण काय सांगितलं? तैत्तिरीय संहितेतली कथा अशी : इंद्राने विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्येचं पाप लागलं. ते त्याने वाटून टाकलं. एक हिस्सा पृथ्वीला, एक झाडांना आणि एक स्त्रियांना. तो हिस्सा म्हणजे पाळी. खून देवांच्या राजाने केला, शिक्षा बाई भोगते आहे. ऋषिपंचमीच्या कहाणीत तर विटाळ न पाळणारी बाई पुढच्या जन्मी कुत्री होते. ही कहाणी आजही वाचली जाते, आणि शिकलेल्या बायकाही त्या दिवशी उपास धरतात.

"अहो, बाईला विश्रांती मिळावी म्हणून ही पद्धत," असं हल्ली सांगतात. विश्रांतीच द्यायची होती तर लोणच्याच्या बरणीला हात का लावू द्यायचा नाही? आणि दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाणाऱ्या आमच्या आजीला ते चार दिवस कोणत्या शास्त्राने सुट्टी दिली?

या भूमीत याला विरोध झालाच नाही असं नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीला शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव मानलं. चोखोबांची सोयराबाई तर दोन्ही विटाळ भोगलेली बाई. तिने अभंगातून विचारलं की विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा. पंडितांकडे याला उत्तर नव्हतं.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केलं. २ जानेवारी २०१९ रोजी शबरीमलात दोन स्त्रियांनी दर्शन घेतलं. त्यांतली एक दलित होती. पुजाऱ्यांनी देऊळ बंद करून शुद्धी केली. ९२ वर्षांत मंत्र म्हणणारे बदलले, मंत्र बदलला नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेदावर चर्चा झाली. आजचा अनुच्छेद १७ तो हाच. नझिरुद्दीन अहमद यांची सूचना होती की अस्पृश्यता म्हणजे धर्म किंवा जातीवरूनची अस्पृश्यता, असं लिहा. के. टी. शहा यांनी लक्षात आणून दिलं की शब्दाची व्याख्याच केलेली नाही, आणि विशिष्ट दिवसांत स्त्रियांनाही अस्पृश्य मानतात. बाबासाहेबांनी अहमद यांची दुरुस्ती स्वीकारली नाही आणि व्याख्याही घातली नाही. त्यांच्या मनात त्या वेळी पाळीच होती असा दावा मी करणार नाही. पण शब्द मोकळा राहिला, आणि 'कोणत्याही स्वरूपात' पाळण्यास मनाई झाली. २८ सप्टेंबर २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. चंद्रचूड यांनी याच चर्चेचा आधार घेऊन पाळीवरून होणारी बंदी अनुच्छेद १७ खाली आणली. न्या. इंदू मल्होत्रा यांनी वेगळं मत दिलं : हा अनुच्छेद जातीपुरताच. पुढे प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला.

न्यायालयाला जे ठरवायचं ते ठरवू द्या. आपल्याला मात्र कोणत्याही निकालाची वाट पाहायची गरज नाही. जातीचा विटाळ नाकारायचा आणि बाईचा पाळायचा, म्हणजे मनूचा अर्धा श्लोक जाळून उरलेला अर्धा देव्हाऱ्यात ठेवायचा. येत्या २५ डिसेंबरला मंडपात मागे उभ्या असलेल्या त्या पोरीला पुढे बोलवा आणि पहिली मेणबत्ती तिच्या हातात द्या.

जय भीम!