काढण्याआधी विचारायची रीत

संगणकाच्या इतिहासात खान्देशातल्या अमळनेरचे नाव येते ते तेलाच्या वाटेने. २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदवल्या गेलेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीचा वनस्पती तुपाचा कारखाना इथे उभा राहिला. मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी हे तिचे संस्थापक. १९६६ मध्ये ते वारले आणि मुलगा अझीम स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून परतला. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी या तेल-साबणाच्या कंपनीने, म्हणजे विप्रोने, संगणक बनवायला घेतले. ही गोष्ट खान्देशात अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण ते संगणक अमळनेरात घडत नव्हते. ते काम कर्नाटकात चालले. संगणक वापरण्याची रीत गावात आली ती दुसऱ्याच वाटांनी: बँकेच्या शाखेतून, एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या वर्गांतून, झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानांतून. पेनड्राइव्ह उपसण्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर जाऊन परवानगी मागणे ही त्यांपैकीच एक रीत. ती का पडली आणि कोणी काही मागितलेले नसताना यंत्र आपणहून ‘आता उपकरण काढायला हरकत नाही’ असे का सांगते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच इतिहासात सापडतात. यंत्राने वेगासाठी लिहिण्याचे काम मागे ठेवले आणि त्यातला धोका माणसाच्या माथी मारला, म्हणून ही रीत जन्मली. न मागता येणारी सूचना मात्र बहुतेक वेळा आपल्या फायलींबद्दल बोलतच नसते. ती विजेबद्दल आणि जोडणीबद्दल बोलत असते.

लिहिण्याचे काम मागे ठेवणे म्हणजे काय, हे कापूस-धान्याच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. आडत्याच्या गादीवर व्यवहार होतो त्या क्षणी तो कीर्दीत टिपला जातो. प्रत्येकाच्या खात्यावर त्याची खतावणी सवडीने होते. दोन्हींच्या मधल्या वेळात खतावणीची वही कोणी उचलून नेली, तर तिच्यात आजचा दिवसच नसतो. संगणकाची स्मृती ही कीर्द आणि डिस्क ही खतावणी. ‘सेव्ह’ म्हटल्यावर पडदा लगेच मोकळा होतो, पण मजकूर अजून स्मृतीतच असू शकतो. याला ‘राइट कॅशिंग’ म्हणतात. भारतीय बँकांमध्ये संगणकीकरणाची सुरुवातही खतावणीपासूनच झाली हे लक्षात घेण्यासारखे आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि त्यानंतर शाखांमध्ये जी यंत्रे बसली त्यांचे नावच ‘लेजर पोस्टिंग मशीन’ असे होते.

घरगुती संगणकावर हा धोका पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो १९९३ मध्ये. तोपर्यंत फ्लॉपीचा नियम साधा होता: ड्राइव्हवरचा दिवा विझला की चकती काढा. मार्च १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६.०ने हार्डडिस्कसाठी उशिरा लिहिण्याची सोय मुळातच चालू ठेवली. काम संपल्याची खूण पडद्यावर दिसली की लोक बटण बंद करत, आणि स्मृतीत अडकलेला मजकूर नाहीसा होई. तक्रारी इतक्या झाल्या की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीत क्रम उलटा करावा लागला: आधी सगळे डिस्कवर उतरवायचे, मगच ती खूण दाखवायची. पुढच्या पंचवीस वर्षांचा वाद या एका वर्षात सामावलेला आहे. वापरणारे तेच होते, त्यांच्या सवयी त्याच होत्या. यंत्राने आपला क्रम बदलला आणि नुकसान आटोक्यात आले.

मग यूएसबी आली. जानेवारी १९९६ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तो घडवणाऱ्या इंटेलमधल्या प्रमुख अभियंत्यांपैकी अजय भट्ट हे सुरत-भुसावळ लोहमार्गाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या गुजरातचे, वडोदऱ्याचे. चालू यंत्रात उपकरण जोडता यावे आणि काढताही यावे हे या जोडणीचे मूळ वचन, आणि ते धातूत कोरलेले आहे. यूएसबीचा जुना चौकोनी प्लग डोळ्याजवळ धरून पाहिला तर आत चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन वीज नेतात, मधल्या दोन माहिती नेतात, आणि कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा लांब असतात. त्यामुळे प्लग आत जाताना आधी वीज मिळते आणि बाहेर येताना आधी माहिती तुटते, वीज मागाहून. सॉकेटमध्ये उपकरण आहे हे संगणकाला कळते तेही फार साध्या रीतीने. उपकरणातला दीड किलोओहमचा एक रोधक माहितीच्या एका तारेवरचा दाब उचलून धरतो. तो दाब अडीच मायक्रोसेकंदांच्या आसपास पडून राहिला की उपकरण गेले असे समजायचे. वेगवान आवृत्त्यांत मोजण्याची रीत बदलली, तत्त्व तेच राहिले. प्लग हाताने उपसला गेला, सॉकेट सैल झाले की वीज क्षणभर खचली, हे त्या तारेला कळत नाही. तिच्या लेखी तिन्ही घटना एकच.

विजेची हमी तारांच्या रचनेत होती, खतावणीची हमी मात्र कुठेच नव्हती. २०००च्या अखेरीस ८ मेगाबाइटचे पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले आणि १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीचे दिवस भरले. त्यांच्यावरची फाट पद्धतीची मांडणी फ्लॉपीच्याच काळातली होती. फाइलचा मजकूर एका जागी, तो कुठे आहे हे सांगणारा तक्ता दुसऱ्या जागी. मजकूर उतरला आणि तक्ता उतरायच्या आत प्लग निघाला, तर फाइल पेनड्राइव्हवर असूनही सापडत नाही. विंडोज २००० आणि विंडोज मी या आवृत्त्यांत न विचारता उपकरण काढले की पडद्यावर दटावणारी चौकट उघडायची. ही चौकट म्हणजे रीतीचा उगम. २००१च्या एक्सपीने ती बहुतांशी मागे घेतली, कारण पेनड्राइव्हसाठी ‘झटपट काढणे’ हे धोरण ठेवले गेले होते: उशीर न करता लिहायचे, मग वेग थोडा घटला तरी चालेल. चौकट गेली, कोपऱ्यातले चिन्ह राहिले आणि सवयही राहिली. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीशी जोडला गेला, तेव्हा एका मोठ्या पिढीने संगणकाच्या पहिल्या शिष्टाचारात पेनड्राइव्हचा निरोप घेणेही शिकून घेतले.

खान्देशात या शिष्टाचाराला एक अडचण होती: वीज. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र जळगाव जिल्ह्यातच, तरी २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत जळगाव-धुळ्याची गावे तासन्‌तास अंधारात असत. कोणत्या भागात किती वेळ वीज जाणार हे महावितरण त्या वाहिनीवरची गळती आणि वसुली पाहून ठरवे. लाईट गेली की साधा इन्व्हर्टर भार उचलायला काही मिलिसेकंद घेतो. संगणकाचा वीजपुरवठा तेवढा काळ कसाबसा तग धरतो, पण सॉकेटवरचे उपकरण नेहमी धरेलच असे नाही. यंत्र चालूच राहते आणि उपकरण गेल्याचा व आल्याचा आवाज मात्र लागोपाठ येतो. लोकांनी याचा अर्थ ‘व्हायरस’ असा लावला, आणि त्याला कारण होते. पेनड्राइव्हमधून आपोआप चालू होणारे विषाणू त्या काळात दुकानादुकानांत फिरत होते. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर पुढे याही वाटेने गेला, आणि यूएसबीवरची आपोआप चालण्याची सोय जुन्या विंडोजमध्ये सरसकट बंद झाली ती २०११च्या अद्ययावतीकरणाने. पण विषाणूला आपण काढले जाण्याची घोषणा करण्यात काहीच लाभ नाही, त्याला जोडलेले राहायचे असते. वीज जाण्या-येण्याच्या वेळा आणि सूचनांच्या वेळा जुळत असतील, तर संशय इन्व्हर्टरवर आधी घ्यायला हवा.

आता न मागता येणाऱ्या सूचनांकडे नीट पाहू. पहिला प्रकार असा, की सुरक्षित काढण्याच्या यादीत संगणकाच्या पोटातली हार्डडिस्कच दिसते. पाहणारा घाबरतो. वस्तुतः साटा ही जोडणी चालू यंत्रात डिस्क बदलता यावी अशा तयारीने घडवली गेली. मदरबोर्डवर ती सोय चालू असेल, तर विंडोज पोटातल्या डिस्कलाही ‘काढता येण्याजोगी’ मानते. दुसरा प्रकार वीज वाचवण्याचा. विंडोज रिकाम्या बसलेल्या उपकरणाला झोपवते, आणि काही उपकरणे त्या झोपेतून नीट उठत नाहीत. तिसरा भुकेचा. यूएसबी २.०चे सॉकेट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील आहे, आणि फिरती चकती असलेली छोटी बाह्य हार्डडिस्क सुरू होताना त्याहून अधिक मागू शकते. म्हणूनच अशा डिस्कबरोबर दोन प्लगांची केबल येत असे. चौथा प्रकार मला सर्वांत बोलका वाटतो. तारेचे ब्रॉडबँड न पोचलेल्या गावांत थ्रीजीचे डोंगल इंटरनेट देत होते. त्यांतले अनेक डोंगल जोडल्याबरोबर स्वतःला सीडी म्हणून दाखवत, स्वतःचा ड्रायव्हर बसवून घेत, मग ती ‘सीडी’ स्वतःच बाहेर काढत आणि मोडेम म्हणून परत हजर होत. उपकरण गेल्याचा आवाज आणि परत आल्याचा आवाज हा तिथे नियोजित कामाचाच भाग होता. या चारही प्रकारांत कोणाच्याही फाइलला धोका असल्याची बातमी सूचनेत नव्हती. खरी बातमी उलट दिशेने येते: ‘उपकरण वापरात आहे, आत्ता काढता येणार नाही’ असा नकार मिळतो तेव्हा. त्यामागे बहुधा व्हायरस तपासणारा किंवा शोधसूची बनवणारा प्रोग्राम एखादी फाइल धरून बसलेला असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २२५ क्रमांकाच्या नोंदीत त्याचे नाव लिहिलेले सापडते.

यावर कोणी म्हणेल की वर्षानुवर्षे पेनड्राइव्ह उपसूनही ज्यांचे काही बिघडले नाही, त्यांच्या दृष्टीने ही सारी रीत निरर्थक होती. ज्यांचे बिघडले नाही त्यांना वाचवले ते ‘झटपट काढणे’ या धोरणाने, आणि ते प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक डिस्कला लागू होतेच असे नव्हते. वेगासाठी धोरण बदललेल्या बाह्य हार्डडिस्कवर तीच सवय महागात पडते. विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य साठवणीसाठी ‘झटपट काढणे’ हेच मूळ धोरण राहील, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले. १९९३ च्या नोव्हेंबरात डॉसने जे मान्य केले होते, ते मान्य करायला इथे आणखी पंचवीस वर्षे लागली. दरम्यान झालेल्या नुकसानीचे खापर मात्र न विचारता काढणाऱ्याच्या डोक्यावर फुटत राहिले, आणि हा दोष त्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. तरीही मोठी फाइल उतरत असताना उपसणे कोणत्याही धोरणात सुरक्षित नाही, हे तितकेच खरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता फायली व्हॉट्सअ‍ॅपवरून जातात, पेनड्राइव्ह उरलाच कुठे? फायलींपुरते हे बरोबर आहे. पण सॉकेट रिकामे झालेले नाही. आपले सरकार सेवा केंद्रात बोटाचे ठसे घेणारे यंत्र त्यालाच जोडलेले असते, तलाठ्याची आणि कर सल्लागाराची डिजिटल सही असलेले टोकन तिथेच असते. या उपकरणांवर खतावणी करण्यासारखे काही नसते, म्हणून त्यांना ‘सुरक्षित काढा’चा काही उपयोग नाही. त्यांना नडतो तो तारेवरचा दाब पडण्याचा क्षण. आधारची पडताळणी चालू असताना ठशांचे यंत्र झोपले किंवा सॉकेट हलले, की नोंद अर्धवट राहते आणि रांगेतल्या माणसाला पुन्हा बोट ठेवावे लागते. अशी सूचना एकाच सॉकेटवर वारंवार येत असेल तर आधी सॉकेट बदलून पाहावे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या सॉकेटच्या यूएसबी हबसाठी वीज वाचवायला उपकरण बंद करण्याच्या पर्यायापुढची खूण काढावी आणि लांब केबल व स्वतःची वीज नसलेला बाहेरचा हब मधून दूर करावा. उपकरण सदोष ठरवण्याची पाळी त्यानंतरची.