नाशिकचा गुरू, कुंभकोणमचा गुरू

२९ ऑगस्ट २०१५ ला नाशकात सिंहस्थाचं शाहीस्नान झालं. ज्या गुरूसाठी एवढी गर्दी लोटली, तो मात्र दिसतच नव्हता! तीन दिवस आधीच तो सूर्याच्या पलीकडे गेला होता, शिवाय दिवस पावसाळी.

तोच गुरू सिंहेत असताना २२ फेब्रुवारी २०१६ ला तमिळनाडूत, कुंभकोणमला, महामहमचं स्नान झालं. सूर्य कुंभेत, पौर्णिमेचा चंद्र मघांत. म्हणजे गुरूही जवळजवळ सूर्यासमोर. संध्याकाळी उगवायचा तो पहाटेपर्यंत आकाशात. हिवाळा सरत आलेला, आणि कावेरीकाठी थंडी ती किती असणार! अशा रात्री साध्या दुर्बिणीतूनही गुरूचे चार चंद्र दिसतात. गॅलिलिओनं ते इटलीच्या कडाक्याच्या थंडीत, जानेवारी १६१० मध्ये टिपले.

कुंभकोणम तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं. सिंहेतला गुरू म्हणजे काय, हे तिथल्या मराठी माणसांना वेगळं सांगावं लागलं नसणार.

आता हिशेबाची गंमत. आपण सर्रास 'बारा वर्षांनी' म्हणतो, पण गुरूची फेरी ११.८६ वर्षांची. सात फेऱ्यांना ८४ नव्हे, ८३ वर्षं पुरतात. नुसती वर्षं मोजत बसलं तर गुरू रास ओलांडून पुढे गेलेला असतो. म्हणून पंचांगकर्त्यांना ग्रहावरच नजर ठेवावी लागते, आणि कधीकधी पर्व अकराव्या वर्षीच येतं.