नकाशातलं आजोळ

शाळेत असताना भूगोल म्हणजे घोकायचा विषय असंच आम्हाला वाटायचं. राजधान्या, पिकं, नद्या पाठ करायच्या आणि परीक्षा झाली की विसरायचं. माझी ही समजूत भिंतीवरच्या एका जुन्या नकाशाने मोडली.

माझा जन्म 1950 चा, बेळगावचा. आजोळ चंदगड तालुक्यात. तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता आणि जिल्हा मुंबई राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. 1 मे 1960 ला तो महाराष्ट्रात आला.

शाळेतला नकाशा मात्र 1956 च्या आधीचा. चौथीत 'आपले राज्य कोणते?' या प्रश्नाला मी त्यात बघून 'मुंबई' लिहिलं. गुण शून्य. गुरुजी म्हणाले, "तो नकाशा जुना झाला रे." घरी येऊन आईला विचारलं, "आजोळ लांब गेलं का गं?" ती म्हणाली, "वाट तीच आहे की. लांब कुठलं जातंय?" आणि चुलीकडे वळली. पुढे बराच वेळ बोलली नाही.

सहावीत दुसऱ्या गुरुजींनी फक्त नद्या काढायला लावल्या, सीमा नाहीत. आजोळची ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते. आमच्या बेळगावजवळून वाहणारी मार्कंडेयही पुढे गोकाकजवळ घटप्रभेलाच मिळते. तिथून कृष्णा, मग बंगालचा उपसागर. म्हणजे आईच्या माहेरचं आणि सासरचं पाणी एकाच नदीत जातं! त्या दिवशी मला भूगोल पहिल्यांदा कळला.

पण सीमेची रेघ खोटी होती, असंही म्हणता येत नाही. सरकारी कागद कोणत्या भाषेत येणार, हे तिनेच ठरवलं. 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. जमिनीचा उतार नदी ठरवतो, सीमा माणसं ठरवतात. मुलांना दोन्ही शिकवायला हवं, आणि त्यातला फरकही.

परवा नातू राज्यं-राजधान्या घोकत बसला होता. त्याला कोरा कागद दिला, म्हटलं, "आधी मार्कंडेय काढ, मग आपलं घर." त्याने घर काढलं आणि विचारलं, "आजोबा, तुमचं आजोळ कुठे दाखवू?"

तुमच्या शाळेतला नकाशा कोणत्या सालचा होता? आठवत असेल तर जरूर लिहा.